आजीच्या चंद्रकळेवरची खडी

आत्याची पंचाहत्तरी २० ऑक्टोबरला होती आणि तिला काय द्यायचं हे जूनमध्येच ठरलं होतं. बाबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेल्या निगेटिव्हांचा एक डबा माझ्याकडे आहे. त्यात १९७४ च्या संक्रांतीचा रोल आहे. वाईच्या घराची ओसरी, खडीची काळी चंद्रकळा नेसून बसलेली आजी, शेजारी तिळगुळाचं ताट आणि मागे माजघराचा अंधारा दरवाजा. हा फोटो दहा इंचांचा चौकोनी करून हातकागदावर छापायचा, एवढाच बेत. छपाई घरीच करायची होती, कारण एका बंद होणाऱ्या स्टुडिओकडून मी जानेवारीत एप्सनचा जुना आर३००० प्रिंटर १८,००० रुपयांना घेतला होता आणि त्यावर कोटिंगवाल्या मॅट कागदाचे चार-सहा बरे प्रिंट निघालेही होते.

दोन रविवारांचं काम, असं वाटलं होतं. तीन महिने लागले. मधे दोनदा सगळं गुंडाळून लॅबला द्यावं असंही मनात आलं. शाईची मर्यादा म्हणजे नेमकं काय आणि ती कशी शोधायची, हे कुणीतरी सरळ मराठीत सांगायला हवं होतं असं तेव्हा फार वाटायचं, म्हणून तारखांसकट लिहितेय.

कागद घेतला ७ जुलैला. सुती चिंध्यांपासून केलेला, २०० ग्रॅमचा, ए३ आकाराचा, ४० रुपयाला एक पान. पंचवीसच्या खाली देत नव्हते, म्हणून हजार रुपये. कोटिंगवाला कापसाचा कागद एका पानाला तीनशेच्या पुढे जातो, त्यामुळे मी स्वतःवर खूश होते. दोन गोष्टी मात्र पहिल्याच दिवशी शिकले. हातकागदाची कड खडबडीत असते, ती सरळ कापल्याशिवाय प्रिंटर पान नीट ओढत नाही. आणि प्रत्येक पान मऊ ब्रशने झटकून घ्यायचं, नाहीतर सुटे तंतू शाई सोडणाऱ्या प्रिंटहेडला जाऊन चिकटतात. जाड कागद मागच्या ट्रेमधून न घालता समोरच्या बाजूने एकेक करून घातला.

१२ जुलै, रात्र, बाहेर धो धो पाऊस. ड्रायव्हरच्या यादीत हातकागद नसतोच, म्हणून त्यातल्या त्यात जवळचा मॅट कागद निवडला, कृष्णधवलसाठी असलेला मोड लावला, टोन आपोआप येतो तो 'डार्कर' तसाच राहू दिला. पान बाहेर आलं ते ट्यूबलाइटखाली धरलं आणि पोटात गोळा आला. चंद्रकळेवरची खडी, म्हणजे ते पांढरे ठिपके, नाहीसे झाले होते. आजीच्या गळ्याखाली सगळा एक काळा डोह. दरवाजाच्या चौकटीची कड झाडाच्या मुळांसारखी पसरलेली. पान उलटं केलं तर मागे आजीची सावली उमटलेली. बोट लावलं तर ओलं.

शाळेत असताना हलक्या वहीत शाईपेनाने लिहिलं की अक्षराला असेच पाय फुटायचे. आई म्हणायची, "शाई फुटतेय, वही बदलून आण." इथे वही बदलायची नव्हती.

कारण सोपं आहे, फक्त मला ते नंतर कळलं. इंकजेटसाठी बनवलेल्या कागदावर सिलिकासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. शाईतलं पाणी तो खाली शोषून घेतो आणि काळे कण वरच धरून ठेवतो. हातकागदावर असा थर नसतो. तिथे पाणी दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं तंतूंतून आडवं पळतं आणि जाताना काळे कण बरोबर घेऊन जातं. जितकी शाई जास्त, तितकी पळापळ जास्त.

पुढचे दहा दिवस ड्रायव्हरशीच झटापट केली. कागदाच्या सेटिंगमध्ये शाईची घनता उणे ५० ते अधिक ५० टक्के बदलता येते, आणि हेडच्या प्रत्येक फेरीनंतर किती वेळ थांबायचं तेही सांगता येतं. उणे २० केलं, फरक जेमतेम. उणे ३५, खडी इकडेतिकडे दिसायला लागली. उणे ५० ला ठिपके बऱ्यापैकी मोकळे झाले, पण आजीचा चेहरा धुतल्यासारखा फिका पडला. ही घनतेची घसरपट्टी (स्लायडर) काळ्यापासून फिक्या राखाडीपर्यंत सगळ्यांचीच शाई एकदम कापते. मला फक्त जिथे पूर आला होता तिथलं पाणी अडवायचं होतं. थांबण्याचा वेळ वाढवल्यावर एक प्रिंट अर्ध्या तासाच्या वर चालला आणि फूट थोडी कमी झाली. बारा पानं संपली.

याच काळात खळीचा प्रयोगही झाला. जुन्या काळी जुन्नरी किंवा दौलताबादी कागद खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडाने घोटत असत. घोटलेल्या कागदावर बोरूची शाई पसरत नाही. पेशव्यांच्या दफ्तरातल्या मोडी कागदांवरची अक्षरं आजही कशी रेखीव दिसतात! म्हटलं आपणही करून पाहू. तांदळाची पातळ खळ ब्रशने लावली. जुलैच्या हवेत ती वाळायला दोन दिवस लागले, पान पापडासारखं वाकलं, आणि तिसऱ्या दिवशी कोपऱ्यात बुरशी. जिलेटीनचं पातळ पाणी लावलेलं पान बरं निघालं, रेघा खरंच सुबक आल्या, पण काळ्या भागात ब्रशचे फराटे दिसायला लागले. आपल्याला घोटाईची कला येत नाही, हे मान्य केलं आणि पातेलं घासून ठेवलं.

२४ जुलैला क्वाडटोन रिपचा, म्हणजे क्यूटीआरचा, शोध लागला. रिप म्हणजे ड्रायव्हरला बाजूला सारून चित्राचं शाईच्या थेंबांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर. हे रॉय हॅरिंग्टन यांनी खास कृष्णधवल छपाईसाठी बनवलेलं आहे, आणि त्यात प्रत्येक शाई जास्तीत जास्त किती टक्के सोडायची याची वेगळी मर्यादा घालता येते. शेअरवेअर, किंमत ५० डॉलर. आधी वापरून पाहिलं, मग पैसे भरायला बसले, तर कार्ड चालेना. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात, ते आपण सुरू करून घ्यायचे. ॲपमधलं बटण दाबलं की 'शाखेशी संपर्क साधा'. शाखेत गेले तर केवायसीची मुदत संपलेली. आधार, पॅन, फोटो, एक फॉर्म, त्यावर दोन सह्या, त्यातली एक 'जुळत नाही' म्हणून परत. दोन खेटे आणि चार दिवस. शेवटी चलनबदलाचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून ४,३७० रुपयांच्या आसपास गेले. तुम्हाला परदेशी काही विकत घ्यायचं असेल तर कार्डाचं हे काम आधीच उरकून ठेवा, ऐन वेळी डोकं फिरतं.

३ ऑगस्टला पहिलं खरं पाऊल पडलं. क्यूटीआरमध्ये एक कॅलिब्रेशन मोड आहे. त्यात प्रत्येक शाईचा वेगळा रकाना छापला जातो, शून्यापासून शंभरपर्यंत पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्यांनी. मॅट ब्लॅक ही पूर्ण काळी, लाइट ब्लॅक फिकी, लाइट लाइट ब्लॅक त्याहून फिकी, आणि शिवाय रंगाच्या शाया. माझ्या कामाच्या पहिल्या तीनच. मी उत्साहाने मर्यादा शंभरावर ठेवून छापलं. काळ्या रकान्याचा खालचा अर्धा भाग अक्षरशः तळं झाला, कागद फुगून हेडला घासला आणि शेजारच्या रकान्यांवर काळं फासलं गेलं. त्यानंतर लाइट ब्लॅकच्या नोझल चेकमध्ये, म्हणजे हेडची छिद्रं तपासणाऱ्या छपाईत, रेघा तुटलेल्या. दोन वेळा हेड साफ करावं लागलं, त्यात शाई गेली ती वेगळीच. बिनकोटिंगच्या कागदावर हे पान छापताना सुरुवातच साठ-सत्तरच्या आत करा. वरचं काही लागत नाही.

दुसरं पान नीट आलं. पण मोजायचं कशाने? फ्लॅटबेड स्कॅनरवर सगळ्या आपोआप सुधारणा बंद करून अंदाज घेता येतो, तो मी घेतला, पण गडद टोकाला स्कॅनर गोंधळतो. शनिवार पेठेत माझा एक मित्र ऑफसेट प्रेस चालवतो. त्याच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे छापलेला रंग किती गडद ते मोजणारं यंत्र, आहे. यंत्र तो बाहेर नेऊ देणार नव्हता, रविवारी सकाळी येऊन मोज म्हणाला. अट एकच, येताना पॅटिस आणायचे.

४ ऑगस्टला पान घेऊन गेले. त्याने पानाकडे पाहिलं, बोट फिरवलं आणि विचारलं, "कधी छापलंस?"

"काल रात्री."

"मग घरी जा. ओला कागद काय मोजतेस? हा पावसाळा आहे. दोन दिवस पंख्याखाली राहू दे."

पॅटिस खाऊन परत आले. ओलं असताना मॅट काळं जास्त गडद दिसतं, वाळल्यावर उतरतं, हे मी नंतर स्वतः मोजून पाहिलं. हेअर ड्रायरने काम लवकर होतं, पण खात्री नाही. मी पुढे प्रत्येक पान ४८ तास ठेवलं, आणि कोरा कागदही सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवायला लागले.

११ ऑगस्टला आकडे मिळाले. यंत्र एल मूल्य दाखवतं. शून्य म्हणजे पूर्ण काळं, शंभर म्हणजे पूर्ण पांढरं. माझा कोरा कागद ९३ च्या आसपास. काळ्याच्या रकान्यात २० टक्क्यांना ४१, ३० ला ३३, ४० ला २८.४, ४५ ला २७.१, ५० ला २६.८. आणि मग गंमत. ६० टक्क्यांना आकडा आणखी खाली जायला हवा होता, तर तो २७ झाला, आणि ७० ला २७.५. म्हणजे पन्नासच्या पुढे मी जी शाई ओतत होते तिने कागद काळा होत नव्हता, उलट किंचित फिका पडत होता. जादा शाई तंतूंत खोल उतरते किंवा पसरते, वर काही राहत नाही. मित्र आकडे वाचता वाचता म्हणाला, "कागद पितो तेवढीच पाज ना. तू त्याला बळंच भरवतेस."

मला वाटलं प्रश्न सुटला. जिथे सगळ्यात गडद, तिथे मर्यादा, म्हणजे ५०. तसा वक्र, म्हणजे कुठल्या छटेला कुठली शाई किती सोडायची याचा आलेख, बनवला, आजीचा फोटो छापला, दोन दिवस थांबले. डोह गेला होता, मागे शाई उमटली नव्हती, दरवाजाची कड बरी होती. पण खडी? मोठे ठिपके आले, पदरावरचे बारीक बुजलेलेच.

इथे मी आठवडाभर अडकले. यंत्र म्हणत होतं ५० बरोबर आहे, डोळे म्हणत होते नाही. मग लक्षात आलं की यंत्र एका सपाट चौकोनाचा काळेपणा मोजतं. कडेला शाई किती पसरली ते त्याला दिसतच नाही. पसरणं आधी सुरू होतं आणि काळेपणाचं शिखर नंतर येतं. म्हणून एक वेगळी चाचणी केली. काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत ळ, ष, क्ष, श्र, ठ अशी अक्षरं, सहा पॉइंटांपासून बारापर्यंत, आणि खाली केसाएवढ्या पांढऱ्या रेघा. तीच पट्टी काळ्याच्या ५०, ४५, ४० आणि ३५ मर्यादेवर छापली. एका ए४ तुकड्यात चारही मावतात, कागद वाचतो. दहापटीचं भिंग लावून पाहिलं तर ५० ला 'ष'चं पोट पूर्ण बुजलेलं, ४५ ला 'ळ'च्या दोन वाट्या एकमेकींत मिसळलेल्या, ४० ला सहा पॉइंटांचा 'क्ष' जेमतेम ओळखू येणारा, ३५ ला सगळं स्वच्छ. पण ३५ चं काळं शेजारी ठेवलं की राखाडी वाटत होतं. मधला मार्ग म्हणून ३८ धरलं. काळेपणा एल २९ वर आला, म्हणजे शिखरापेक्षा दोन अंकांनी फिका. कोटिंगवाल्या चांगल्या मॅट कागदावर १६-१७ मिळतो. तो आकडा डोक्यातून काढून टाकायला मला वेळ लागला, हे कबूल करते.

या पट्टीच्या नादात आणखी एक गोष्ट दिसत होती. आजीच्या गुडघ्यापाशी चंद्रकळेवर एक बारीक फिकट रेघ, बोटाच्या पेराएवढी. आधी वाटलं रोलरचा ओरखडा. पण दर प्रिंटला त्याच जागी. मग वाटलं स्कॅन करताना निगेटिव्हवर केस राहिला. निगेटिव्ह पुसून परत स्कॅन केली, रेघ कायम. फोटोशॉपमध्ये बुजवायला एक संध्याकाळ घालवली, तर तिथली खडी बिघडली. चिडून मूळ फाइल परत घेतली आणि रेघ आहे तशी राहू दिली.

२५ ऑगस्टला ३८ चा वक्र लावून फोटो छापला. खडी आली! पदरावरचीसुद्धा. मी घरात ओरडलेच. पण सकाळी उजेडात पाहिलं तर माजघराच्या दरवाजाचा गडद राखाडी भाग, जो काळा नाहीच, तिथे शाई फुटलेली. काळं आटोक्यात आणि त्याच्या अलीकडचं राखाडी बेलगाम, हे कसं? याचं उत्तर शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि तीच गोष्ट सांगायला मी हा लेख लिहितेय म्हटलं तरी चालेल.

राखाडी छटा एकाच शाईने होत नाहीत. उजळ भागात लाइट लाइट ब्लॅक, मधल्या भागात लाइट ब्लॅक, गडद भागात मॅट ब्लॅक. या तिघी एकमेकींच्या हातात काम सोपवतात, आणि सोपवताना काही अंतर दोघी बरोबर चालतात. लाइट ब्लॅकमध्ये काळे कण साधारण एक तृतीयांश, पाणी मात्र तितकंच. मी काळ्याची मर्यादा ३८ केली, पण लाइट ब्लॅकची ६० च ठेवली होती. त्यामुळे जिथे लाइट ब्लॅक भरात असते आणि मॅट ब्लॅकही सुरू झालेली असते, तिथे दोघींची बेरीज शुद्ध काळ्यापेक्षा जास्त ओली होत होती. फुटणं रंगावर नाही, एकूण पाण्यावर ठरतं. लाइट ब्लॅक ४२ वर आणली, लाइट लाइट ब्लॅक ४० वर, आणि दोघींचं एकत्र चालणं थोडं कमी केलं. मर्यादा बदलली की त्या शाईची काळ्याच्या तुलनेतली घनताही परत मोजून भरावी लागते, कारण ४२ ची लाइट ब्लॅक ६० पेक्षा फिकी असते. मी ते एकदा विसरले तर आजीच्या गालावर मधेच एक पायरी दिसायला लागली.

गणपतीचे दहा दिवस काही झालं नाही. घरात माणसं, प्रिंटरच्या टेबलावर निरंजनं आणि नारळ. प्रिंटर मात्र दोन-तीन दिवसांआड सुरू करून नोझल चेक काढत होते, बंद राहिला की हेड सुकतं.

२२ सप्टेंबरला एकवीस पायऱ्यांची पट्टी घेऊन परत शनिवार पेठेत. हे रेखीयकरण, म्हणजे फाइलमधली प्रत्येक पायरी कागदावर सारख्या अंतराने उतरावी म्हणून केलेली दुरुस्ती. मर्यादा पक्क्या झाल्याशिवाय हे करू नका. मी ऑगस्टमध्ये घाईने एकदा केलं होतं, नंतर मर्यादा बदलल्यावर ते सगळं फुकट गेलं. या वेळी आकडे भरले तर क्यूटीआरने वक्र बनवायला नकार दिला. आकडे एकाच दिशेने उतरत जायला हवेत, आणि माझे दोन शेजारी उलटे आले होते. हातकागदात कुठे तंतूची गाठ, कुठे खोलगट, एकाच ठिकाणी मोजलं तर असं होणारच. प्रत्येक चौकोन तीन जागी मोजून सरासरी घेतली, तेव्हा गाडी पुढे गेली. एकवीस चौकोन, प्रत्येकी तीनदा. चौथ्या वेळेपर्यंत पॅटिसचा खर्चच चारशेवर गेला होता.

खर्चाचं एकूण विचाराल तर प्रिंटर सोडून: कागदाची दुसरी पंचविशी धरून २,०००, क्यूटीआरचे ४,३७०, मॅट ब्लॅक दोन आणि लाइट ब्लॅक एक अशा काडतुसांचे ६,७००. लॅबमध्ये दोन हजारांत झालं असतं, फक्त हातकागदावर करून द्यायला विचारलेल्या दोन्ही ठिकाणी नाही म्हणाले होते.

शेवटचा प्रिंट ६ ऑक्टोबरला निघाला. पाऊस ओसरत आला होता, कागद सरळ राहिला. आठवडाभर उघडा वाळू दिला, मग फ्रेमवाल्याकडून काच आणि कागद यांच्यामध्ये पट्टी घालून घेतली, काच चिकटू नये म्हणून. १,४०० रुपये.

२० तारखेला आत्याने फ्रेम मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि फोटो नाकाशी नेला. बराच वेळ काही बोलली नाही. मग काचेवर गुडघ्यापाशी बोट ठेवलं.

"हे रफू दिसतंय गं."

"कसलं रफू?"

"मी केलेलं. शाळेच्या गॅदरिंगला आईची चंद्रकळा नेसून गेले होते आणि सायकलच्या चेनीत अडकवली. रात्री कंदिलाशी बसून रफू केलं. काळा दोरा संपला होता म्हणून राखाडी घातला. आईला कधी कळलं नाही."